मदत हवी आहे: बहिणीच्या सिकलसेलच्या गोळ्या गावाजवळ कुठं मिळतील?

बुटीबोरी_सेकंडशिफ्ट
सरळ विचारतो. बहिणीला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार. गोळ्या दर महिन्याला नागपूरहून न्याव्या लागतात. गावच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) विचारलं की "स्टॉक नाही, पुढच्या महिन्यात या". दिवाळीपासून हेच ऐकून रायलो. नागपूरला यायचं म्हणजे पहाटे पाचला घर सोडायचं. मग चिठ्ठीची लाईन, रक्ताची लाईन, डॉक्टरची लाईन आणि शेवटी औषधाची खिडकी. ती बंद झाली की मुक्काम माझ्या खोलीवर. आई सोबत येते, तिची मजुरी बुडते. फुकटच्या गोळ्या लय महाग पडून रायल्या. जवळ कुठं मिळतील तेवढं सांगा. ज्ञान नको, ते भरपूर मिळालं.

तर्रीपोहे
गाव कोणतं? नागपूर जिल्हा नरखेडपासून भिवापूरपर्यंत पसरला आहे. "गावाजवळ" म्हणजे आम्ही काय समजायचं?

बुटीबोरी_सेकंडशिफ्ट
रामटेक तालुका. देवलापारच्या आत, जंगलाच्या बाजूनं.

निवृत्त_फार्मासिस्ट
गोळ्या कोणत्या? फॉलिक ॲसिडची बारीक पिवळी गोळी की हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल? आणि बहीण एसएस, म्हणजे आजार असलेली, की एएस, म्हणजे नुसती वाहक? आपल्याकडे वाहकालाही लोक "सिकलसेल आहे" म्हणूनच सांगतात. एएस असेल तर औषध लागतच नाही, तुम्ही उगाच हेलपाटे मारताय.

बुटीबोरी_सेकंडशिफ्ट
काका, औषध लागत नसतं तर पाचला कोण उठलं असतं? एसएस आहे. कॅप्सूल, पाचशेची, रोज एक. पिवळी गोळी गावातच मिळते. बोंब कॅप्सूलची आहे.

डिजिटल_धंतोली
ई-संजीवनी वापरा ना! घरबसल्या डॉक्टर व्हिडिओवर बघतात, प्रिस्क्रिप्शन फोनवर येतं, एक पैसा लागत नाही. ग्रामीण आरोग्याचा प्रश्न तंत्रज्ञानानं केव्हाच सुटला आहे, लोकांना माहिती नाही एवढंच.

मनसरची_लेक
दादा, धंतोलीत रेंज असते. आमच्या मामाच्या गावाला फोन लावायला पाण्याच्या टाकीवर चढतात. आणि प्रिस्क्रिप्शन त्याच्याकडे आहेच की. कॅप्सूल काय मोबाइलमधून पडणार आहे?

डिजिटल_धंतोली
उपकेंद्रात जाऊन तिथल्या सीएचओकडूनही (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) करता येतं, ताई. निदान माहिती घेऊन बोला.

मनसरची_लेक
सीएचओची जागा भरलेली असेल तर. उपकेंद्राचा बोर्ड बदलून "आयुष्मान आरोग्य मंदिर" झालं, कुलूप तेच आहे. आदिवासी भागात 20 हजार लोकांमागे एक पीएचसी आणि 3 हजारांमागे एक उपकेंद्र असा नियम आहे. इमारती मोजल्या तर हिशेब जुळतोही. आत कोण बसलंय ते मोजा.

वैद्यबुवा_महाल
गुळवेलीचा काढा आणि बीटाचा रस सकाळी अनशापोटी. सोबत लोहाचं टॉनिक. रक्त वाढलं की दुखणं आपोआप जातं. माझ्या साडूच्या मुलाला गुण आला.

डॉक्टरीण_उमरेड
कृपया कुणी हे करू नका. सिकलसेलमध्ये रक्त कमी असतं ते लाल पेशी लवकर फुटतात म्हणून. लोह कमी असेलच असं नाही, वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात तर ते जास्तच साठतं. तपासल्याशिवाय टॉनिक देऊ नका.
धागाकर्ते, कॅप्सूल कधीपासून चालू आहे? शेवटचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, कधीचा?

बुटीबोरी_सेकंडशिफ्ट
दोन वर्षं झाली. सीबीसी दर महिन्याला तिथंच करतात. ठीक आहे म्हणतात.

एम्सवाला_मिहान
तुम्ही एम्सला का नाही दाखवत? सगळं एका छताखाली, स्वच्छ, नवीन. मी वडिलांना तिथंच नेतो.

तर्रीपोहे
माणूस जबलपूर रोडनं येऊन रायला आणि तुम्ही त्याला अख्खं नागपूर ओलांडून वर्धा रोडला पाठवता. त्याला जवळ पाहिजे, बाप्पा!

गणेशपेठ_डेपोजवळ
सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे, दाखला काढून घ्या. आईला तसंही अर्धं तिकीट, मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना आहे.

बुटीबोरी_सेकंडशिफ्ट
तिकिटाचा प्रश्नच नाही भाऊ. मजुरीचं अर्धं तिकीट कोण देते?

निवृत्त_फार्मासिस्ट
आता कामाचं ऐका. मी बत्तीस वर्षं सरकारी औषधखिडकीवर काढली. पीएचसी महाग औषध अंदाजानं मागवत नाही. रजिस्टरमध्ये जितके रुग्ण, तितकी मागणी वर जाते. तुमच्या बहिणीचं निदान आणि औषध दोन्ही नागपुरात. मला दाट शंका आहे की गावच्या पीएचसीच्या सिकलसेल रजिस्टरमध्ये तिचं नावच नाही, किंवा नाव आहे पण कॅप्सूलची नोंद नाही. मग त्यांच्या कागदावर गरजच शून्य. "स्टॉक नाही" हे खरंच असतं, कारण कुणी मागितलेलाच नसतो.
नागपूरचा केसपेपर, एचपीएलसीचा (सिकलसेल पक्कं करणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणि सिकलसेलचं कार्ड यांच्या झेरॉक्स घेऊन मेडिकल ऑफिसरला भेटा. खिडकीवर नाही, ऑफिसरला. नाव चढवून घ्या आणि मागणी आपल्या डोळ्यांसमोर लिहून घ्या. नाही लिहिली तर साधा अर्ज द्या, पोच घ्या. पोचेची जादू मी आतून पाहिली आहे.

डॉक्टरीण_उमरेड
काकांशी सहमत. भर एवढीच: दोन वर्षं डोस बसलेला असेल आणि सीबीसी सतत चांगले असतील तर दोन-तीन महिन्यांच्या कॅप्सूल एकदम लिहून देता येतात. पुढच्या खेपेला डॉक्टरांना स्पष्ट विचारा, गर्दीत ते आपण होऊन सुचवणार नाहीत. मधला सीबीसी देवलापारच्या ग्रामीण रुग्णालयात होतो का तेही विचारून ठेवा. मात्र रक्त न तपासता महिनोन्‌महिने कॅप्सूल नको, पांढऱ्या पेशी उतरू शकतात.

सर्वोदयी_सिव्हिललाइन्स
मूळ प्रश्न दृष्टीचा आहे. गडचिरोलीत बंग दांपत्यानं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू खाली आणले. 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. पुढे आशाच्या कामात घरी जाऊन बाळ बघणं आलं, त्यामागे हेच. गोळ्याही आशाच्या पिशवीतून का जाऊ नयेत?

मनसरची_लेक
आशाच्या पिशवीत अजून किती कोंबणार? माझी काकू आशा आहे. सर्व्हे तिनं करायचा, बाळंतीण तिनं न्यायची, मोबाइलवर माहितीही तिनंच भरायची. डॉक्टरांना पाठवा की गावात.

एम्सवाला_मिहान
एमबीबीएस झाल्यावर सरकारी सेवेचा बाँड आहे ना एक वर्षाचा. नाही केला तर 10 लाख दंड.

तर्रीपोहे
आणि भरणारे भरतात. अवांतर होऊन रायलं, धागाकर्ता पळाला बहुतेक.

बुटीबोरी_सेकंडशिफ्ट
पळालो नाही, शिफ्टवर होतो. काका, घरी फोन केला. रजिस्टरचं तुम्ही म्हणता तसंच निघालं, आशाताईनं पाहून सांगितलं, नाव नाही. सोमवारी सुटी टाकून जातो मेडिकल ऑफिसरकडे. तीन महिन्यांचं पण विचारतो. मे मध्ये लग्न आहे तिचं, त्याच्या आत हे मिटलं पाहिजे. सासर पवनीकडे आहे, मग तिथं पुन्हा नवीन पीएचसी, नवीन रजिस्टर.

डॉक्टरीण_उमरेड
लग्न आहे हे आता सांगताय? मुलाची सिकलसेलची तपासणी झाली का? तो एएस निघाला तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 50 टक्के. तो पूर्ण निगेटिव्ह असेल तर मुलं फक्त वाहक होतील. आणि कॅप्सूल चालू असताना दिवस राहायला नकोत, ती आधी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते. तिला हे कुणी सांगितलंय का?

बुटीबोरी_सेकंडशिफ्ट
मॅडम, प्रश्न गोळ्यांचा होता.

डॉक्टरीण_उमरेड
हाही गोळ्यांचाच आहे.

वैद्यबुवा_महाल
पत्रिका जुळली का?

निवृत्त_फार्मासिस्ट
बुवा, थांबा जरा.

बुटीबोरी_सेकंडशिफ्ट
मुलाकडच्यांना सिकलसेलचं माहीत आहे, लपवलं नाही. पण त्याची तपासणी कर म्हणून कुणी बोललं नाही. आम्ही मुलीकडचे, कोण बोलणार? तपासणी कुठं होते, किती दिवसांत रिपोर्ट येतो?

डॉक्टरीण_उमरेड
पहिली चाचणी पीएचसीतसुद्धा होते, थोडंसं रक्त घेतात. पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसीसाठी नमुना पुढे जातो, त्याला दिवस लागतात. म्हणून मे ची वाट बघू नका. त्याला एकट्याला बोलावू नका हवं तर, दोघांना सोबत न्या. तुमच्या आईऐवजी आशाताईला बोलायला सांगा, त्यांना सवय असते.

बुटीबोरी_सेकंडशिफ्ट
सोमवारी आधी रजिस्टर. मग आईला विचारतो. चिडणार आहे ती.