पेट्रोल गाडीत फिल्टरचा दिवा लागलाय, काय करू?

किंडरगार्टनची_आई
आम्ही जर्मनीत स्टुटगार्टला असतो. २०१९ ची पेट्रोल गाडी वापरलेली घेतली, डायरेक्ट इंजेक्शन, टर्बो. मुलाला सोडायचं, बाजार करायचा, घरी यायचं; इंजिन तापायच्या आत गाडी बंद. या थंडीत पार्टिक्युलेट फिल्टरचा, म्हणजे धुरातले बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा, पिवळा दिवा लागला. गॅरेजवाले म्हणतात, ऑटोबानवर (इथल्या महामार्गावर) पळवून आणा. हा फिल्टर डिझेललाच असतो ना? आणि पळवून काय होणार?

धूरतपासनीस
ताई, मी इंजिनांच्या धुराच्या चाचण्या करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरात फवारतात. इंजिन गार असलं की थोडं पेट्रोल पिस्टनवर ओलं राहतं आणि त्याची काजळी होते. कण इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुप्फुसात खोल जातात. म्हणून युरोपात वजनाबरोबर त्यांच्या संख्येवरही मर्यादा आहे. सप्टेंबर २०१८ पासून अशा सगळ्या नव्या गाड्यांना ती किलोमीटरमागे ६० हजार कोटी कण, आधीच्या एक दशांश. डिझेलला हीच मर्यादा आधीपासून होती. म्हणून आता फिल्टर डिझेललाच नाही, अशा पेट्रोल गाड्यांनाही बसवतात.

फिल्टर म्हणजे सिरॅमिकचा ठोकळा. आत बारीक नळ्या, एकीचं तोंड पुढून बुजवलेलं, शेजारचीचं मागून. धुराला मधल्या सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं. वायू पार होतो, काजळी अडकते.

ती जळायला साधारण ६०० अंश उष्णता लागते आणि ऑक्सिजन लागतो. पळवल्याने उष्णता मिळते, पण पेट्रोल इंजिनाच्या धुरात ऑक्सिजन जवळपास उरतच नाही. तो मिळतो पाय काढल्यावर! गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं आणि नुसती हवा तापलेल्या फिल्टरमध्ये जाते. तेव्हा काजळी जळते. म्हणून आधी इंजिन चांगलं तापू द्या, मग रहदारी बघून अधूनमधून पाय काढा, न्यूट्रल करू नका. कितीचा वेग ठेवायचा ते मॅन्युअलमध्ये बघा. फिल्टर काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. बेकायदेशीर आहे, आणि किंडरगार्टनच्या दारात तोच धूर मुलांच्या नाकात जाणार.

ऑइलवाला_पुणे
काजळी जळते, राख जळत नाही. ती इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंकसारख्या घटकांची असते आणि फिल्टरमध्येच साठते. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेलं कमी राखेचं ऑइलच घाला, स्वस्तातलं दुसरं नको. थोडी राख मात्र चांगली; नव्याकोऱ्या फिल्टरपेक्षा तिचा पातळ थर बसलेला फिल्टर जास्त कण अडवतो.

किंडरगार्टनची_आई
मनापासून आभार! शनिवारी आठ नंबरच्या ऑटोबानने उल्मला जाऊन येऊ, परतताना मोठा उतार लागतो. पण आमची गाडी ऑटोमॅटिक आहे आणि कायम इको मोडवर असते. चालेल ना?

धूरतपासनीस
बरं झालं विचारलंत. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्या इको मोडमध्ये पाय काढला की इंजिन चाकांपासून सोडवतात, मग फिल्टरला हवा मिळत नाही. त्या उतारावर नॉर्मल किंवा स्पोर्ट मोड ठेवा. पिवळ्या दिव्यासोबत इंजिनाचाही दिवा लागला तर मात्र पळवू नका, सरळ गॅरेजला न्या.