वनस्पतीची 'प्रतिष्ठा' म्हणावं का?

पानगळ: नीतिशास्त्रावरचा एक मजकूर मराठीत आणतेय, दोन दिवस एका शब्दावर अडलेय. स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेच्या कलम १२० मध्ये जनुकतंत्रज्ञान वापरताना 'व्युर्डे डेर क्रेआटुर'चं (जर्मन पाठातले शब्द, म्हणजे सजीवाची 'डिग्निटी') भान राखायला सांगितलंय. त्यात झाडंही आली. माणसासाठी मी 'प्रतिष्ठा' लिहिलं असतं, आपल्या उद्देशिकेतही 'व्यक्तीची प्रतिष्ठा' आहे. पण गवताची प्रतिष्ठा?

मूळाक्षर: प्रतिष्ठाच ठेवा. प्रति + स्था, घट्ट उभं राहणं. झाडाइतकं हे कोणाला लागू पडेल? जुन्या वर्गीकरणात झाडं 'स्थावर', तोही स्था धातूच.

रानवाट: वाचक धातू बघत नाही. प्रतिष्ठा म्हटलं की 'प्रतिष्ठित नागरिक' आठवतात, आणि स्थावर म्हटलं की मालमत्ता. सजीवांसाठी असलेला शब्द खरेदीखतात जाऊन बसला, याचं मला फार वाईट वाटतं. 'आब' लिहा.

मूळाक्षर: फारसी कशाला? संस्कृत शब्द समोर असताना?

रानवाट: फारसीत आब म्हणजे पाणीसुद्धा. झाडाला याहून जवळचं काय?

पानगळ: त्याच कलमाच्या फ्रेंच पाठात तर 'सजीवांची अखंडता' आहे!

मूळाक्षर: ते नको. छाटलेलं झाड अधिक भरून येतं, तिथे अखंडता कुठली?

पानगळ: आणखी एक. तिथल्या नीतिविषयक समितीने २००८ मध्ये एकमताने म्हटलंय की झाडांना मनमानी इजा करणं अनैतिक. उदाहरण दिलंय, कारण नसताना रस्त्याकडेच्या रानफुलांची 'मुंडकी उडवणं'. मराठीत हे फार रक्ताळ वाटतं, 'खुडणं' फार सौम्य.

सायसाखर: लहानपणी मी काठीने गवताचे तुरे उडवत चालायचे. आजी म्हणायची, "ओरबाडू नको गं." खुडणं गरजेपुरतं, ओरबाडण्यात हाव. दोष क्रियापदातच आहे, तेच वापरा.

मूळाक्षर: ओरबाडायला नखं लागतात. काठीने कसं ओरबाडाल?

सायसाखर: आजीचं मराठी चुकीचं नव्हतं.

रानवाट: रोप 'जगलं' म्हणतो, पण झाड 'मारलं' कोणी म्हणत नाही, 'तोडलं' म्हणतात. जगण्याचं क्रियापद दिलं, मारण्याचं का नाही? मारलं म्हटलं की मारणारा उभा राहतो, म्हणून?

मूळाक्षर: रोप मेलं असं सर्रास म्हणतात.

रानवाट: मेलं, हो. मारलं नाही.

सायसाखर: मी 'गेलं' म्हणते. पाणी घालायचं राहिलं होतं, तेव्हा तोंडून हेच आलं.