मदत हवी आहे: मरगळलेल्या दिवसांसाठी बायबलमधली लहान स्तोत्रं किंवा वचनं

नालासोपारा ते चर्चगेट रोजचा प्रवास. गेले दोन महिने आठवड्यातले तीन-चार दिवस असे जातात की अंथरुणातून उठणंच जड होतं. डॉक्टरांना दाखवलं, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 सगळं ठीक. झोपही बरी लागते. त्यामुळे तो सल्ला नको, प्लीज.

करून पाहिलेलं: पहाटे पाचला उठून शास्त्रवाचन. आठ दिवस टिकलं, मग त्याचंच ओझं झालं. यशया 40 मधलं, देवाची वाट पाहणारे गरुडासारखे वर उडतील, हे वचन फोनच्या वॉलपेपरवर आहे, पण अशा दिवशी ते टोचतं. इथे चालणंही जमत नाही, उडायचं कुठून! पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना वाढव. शब्दच सुचत नाहीत, ही तर अडचण आहे.

खरा धीर एकदाच मिळाला, 1 राजे या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात. एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली ‘आता पुरे’ म्हणून निजतो आणि देवदूत त्याला बोल लावत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तेही दोनदा. मध्ये पुन्हा झोपूही देतो.

आता स्तोत्रसंहितेतली 120 ते 134 ही आरोहणस्तोत्रं (यरुशलेमला चढून जाताना यात्रेकरू गात, असं म्हणतात ती) वाचायचा विचार आहे. 131 तर तीनच ओव्यांचं. गर्दीत एक हात दांडीला असतो, म्हणून वाचायचं ते एका स्क्रीनवर मावणारं हवं. मराठीतच, आणि ‘ऊठ, कामाला लाग’ छापाचं नको.

ही पंधरा क्रमाने रोज एक घ्यावीत, की एकच आठवडाभर धरून ठेवावं? आणि शब्द सुचत नाहीत त्या सकाळी तुम्ही नेमकं काय म्हणता?