सायकलचा लाईट घेताना लुमेन नका बघू, झोत बघा (आणि आधी मागचा घ्या)

गिरणारे ते सातपूर

मी रोज नाशिकजवळच्या गिरणाऱ्याहून सातपूर एमआयडीसीत सायकलने जातो. सेकंड शिफ्ट सुटते रात्री साडेअकराला. गंगापूर गाव मागे पडलं की वस्त्यांपुरते दिवे सोडले तर गोवर्धन, दुगाव आणि थेट घरापर्यंत मिट्ट काळोख. चार वर्षांत तीन लाईट झाले. परवा शिफ्टमधल्या एका नव्या पोराने विचारलं, "हजाराच्या आत कुठला घेऊ?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर लिहा.

माझा पहिला लाईट ३५० रुपयांचा, खोक्यावर "१२०० लुमेन, ६ तास". लुमेन म्हणजे दिवा एकूण किती उजेड टाकतो त्याचं माप. हिशोब करून बघा. पांढरा एलईडी एका वॅटला साधारण १०० लुमेन देतो, म्हणजे १२०० लुमेनला १२ वॅट हवेत. आत एकच १८६५० सेल होता, म्हणजे बोटाएवढा गोल लिथियम सेल. असा चांगला सेल ३.७ व्होल्ट आणि २६०० एमएएचचा धरला तरी त्यात साडेनऊ वॅट-तास भरतात. पूर्ण उजेडावर तासभरही निघणार नाही, सहा तास कुठून येतील? पहिली वीस मिनिटं झकास, दुगावच्या अलीकडे मिणमिण.

पण खरा त्रास झोताचा होता. टॉर्चसारखा गोल झोत, अर्धा उजेड झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत. एकदा टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप समोरून आली, माझा लाईट डोळ्यांत गेल्यावर त्याने अप्पर मारला. मला काही दिसेना, त्याला मी दिसेना. खचलेल्या साईडपट्टीवरून चाक घसरलं आणि मी मुरमात गुडघ्यावर.

आता वापरतो तो ८५० रुपयांचा, वरून कापलेल्या झोताचा. उजेड खाली रस्त्यावर पसरतो, वर रेघ मारल्यासारखा थांबतो. जर्मनीत सायकलच्या दिव्याला असाच नियम आहे, झोत वरून कापलेला आणि १० मीटरवर किमान १० लक्स (लक्स म्हणजे त्या जागी प्रत्यक्ष पडणाऱ्या उजेडाचं माप). माझ्या लाईटवर त्या नियमाचा शिक्का नाही, पण घडण तशीच. २० च्या स्पीडने आपण सेकंदाला साडेपाच मीटर जातो. खड्डा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत आठ मीटर, थांबायला आणखी पाच-सहा. म्हणजे पंधरा-वीस मीटर रस्ता नीट दिसला तर भागतं. २०० खरे लुमेन त्याला पुरतात.

आणि त्याआधी मागचा लाल लाईट. खड्ड्यात पडलात तर गुडघा फुटेल, मागून गाडी आली तर काय होईल ते लिहायला नको.

मखमलाबाद

दादा, मागच्या लाईटचं शंभर टक्के मान्य. पुढच्याचं अजिबात नाही.

मी मातोरी रस्त्याने जातो. तिथे बागांच्या कुंपणाच्या तारा, बाभळीच्या फांद्या खाली आलेल्या, कुत्री बाजूच्या बांधावरून अंगावर येतात. तुमचा कापलेला झोत फांदी दाखवणार नाही. ती तोंडावर बसल्यावरच कळते, माझ्या भुवईवर खूण आहे. मी साधी हातातली टॉर्च घेतली, ६०० रुपयांची, सेल काढता-घालता येणारी, आणि ८० रुपयांच्या क्लॅम्पने हँडलला बसवली. सेल संपला की दुसरा खिशातून काढून टाकायचा. तुमचा आतल्या बॅटरीचा लाईट दोन वर्षांनी कचऱ्यात जाईल, माझा फक्त सेल बदलेल.

समोरून गाडी आली की मी टॉर्च हाताने खाली वळवतो. एवढं केलं की झालं.

गिरणारे ते सातपूर

सेल बदलता येतो हे तुमचं बरोबर आहे, ते मी धरलंच नव्हतं. फक्त ९९०० एमएएच छापलेला सेल कुणी घेऊ नका. या मापात चांगल्यातला चांगला सेल ३५०० च्या आसपास जातो, बाकी सगळी छपाई. आणि चार्जर ४.२ व्होल्टला थांबणारा हवा, नाहीतर सेल तापतो.

पण हाताने वळवायचं म्हणजे एक हात हँडलवरून सुटला, तोही नेमका समोरून गाडी येताना, खड्ड्यात. ते मी नाही करणार.

मोहाडी

मी पॅकहाऊसला कामाला आहे, द्राक्षाच्या हंगामात सुटायला नऊ-दहा वाजतात. मोहाडी ते जानोरी सायकलने. तुम्ही दोघंही खड्डे, फांद्या आणि गाड्यांबद्दल लिहिताय. माझी गोष्ट वेगळी आहे.

मला रस्त्याच्या कडेला कोण उभं आहे ते दिसायला हवं. मोरीच्या कठड्यावर दोघं बसलेत की तिघं, मोटरसायकल लावलेली आहे का, चेहरा ओळखीचा आहे का. तुमच्या कापलेल्या झोतात मला माणसाचे फक्त पाय दिसतात. मी असा लाईट भावाकडून मागून आठवडाभर वापरला. रस्ता उत्तम दिसतो, अगदी कबूल. पण एके रात्री कठड्याजवळ चार पाय दिसले आणि वर नुसता अंधार. आमच्या वस्तीतलेच काका-काकू होते, पण त्या दहा मीटरांत माझं काय झालं ते मलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी लाईट परत केला.

बायकांना सल्ला देताना "झोत खाली ठेवा" एवढंच सांगू नका.

निफाडकर

ताईंशी सहमत. आमच्याकडे चांदोरी-सायखेडा पट्ट्यात दोन्ही बाजूंना ऊस अगदी रस्त्याला टेकलेला. बिबट्या कुणाला सांगून येत नाही. गोल झोतच हवा.

मुद्दा मागच्या लाईटचा. तो घेतला म्हणजे काम झालं असं नाही. लोक सीटखालच्या नळीला लावतात आणि कॅरियरवर डब्याची पिशवी टांगतात. लाईट पिशवीआड. मागच्या गाडीवाल्याला काही नाही दिसत. मडगार्डला किंवा कॅरियरच्या टोकाला लावा. सोबत रेडियम पट्टी, ट्रकच्या मागे असते ती लाल. स्पेअर पार्टच्या दुकानात मीटरवर मिळते. मडगार्डला, आणि पेडलच्या मागच्या कडेला नक्की. पेडल वर-खाली होतं, रेडियम चमकतं, ड्रायव्हरला लांबून कळतं की ही सायकल आहे. उसाच्या ट्रॉलीवाल्यांना मी हेच सांगत असतो, त्यांच्या ट्रॉलीला तर मागे काहीच नसतं.

ब्लिंकिंगवर लावू नका. लक्ष जातं, पण अंतर कळत नाही. मी स्वतः जीप चालवतो म्हणून सांगतो. स्थिर लाल दिवाच बरा.

जुनी हर्क्युलिस

सगळे चार्जिंगवाले दिसताय. लाईट गेली, चार्ज करायचं राहिलं, की अंधार. माझ्या सायकलला बाटली डायनामो आहे (टायरला घासून फिरतो आणि वीज करतो), ६ व्होल्ट ३ वॅट, त्यावर एलईडीचा दिवा. पंचवीस वर्षांत एकदाही "चार्ज नाही" म्हणून पायी चाललो नाही. पायात जोर आहे तोवर उजेड आहे.

मखमलाबाद

काका, पावसात डायनामोची गुंडी ओल्या टायरवर घसरते ना? आणि चढावर स्पीड कमी झाला की दिवा मंद. थांबलात की बंद, म्हणजे फाट्यावर वळायला उभे राहिलात तर तुम्ही कुणालाच दिसत नाही.

जुनी हर्क्युलिस

पावसात घसरते, खरं आहे. गुंडीवर रबराची टोपी चढवली की पुष्कळ कमी होतं. उभं राहिल्यावरचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मागे रेडियम आहे, पण समोरच्याचं काय, बरोबर.

गिरणारे ते सातपूर

मोहाडीच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. मी रस्ता बघत होतो, रस्त्यावरची माणसं नाही. माझ्यासारख्या पुरुषाला कठड्यावर कोण बसलंय याची कधी काळजी वाटली नाही, म्हणून सुचलंच नाही. तुमच्यासाठी माझा सल्ला चुकीचा आहे.

तरी एक सुचवतो. हँडलवर कापलेला झोत कायम, आणि मखमलाबादकरांची टॉर्च क्लॅम्पला दुसऱ्या बाजूने, थोडी वर रोखलेली, बटण अंगठ्याखाली. मोरी आली, फांद्या आल्या की दाबा, गाडी दिसली की बंद. हात हँडलवरून सुटत नाही. दोन्ही मिळून हजाराच्या वर जाईल, पंधराशेच्या आसपास बसेल.

झोत लावायची रीत: घराच्या भिंतीपासून ५ मीटरवर सायकल उभी करा. लाईट जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवर उजेडाचा मधला भाग ४५ वर पडू द्या. मग तो रस्त्याला १० मीटरवर टेकतो. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबची पट्टी दोन वेढे गुंडाळा, नाहीतर पहिल्याच गतिरोधकाला लाईट मान टाकतो. गिरणाऱ्याच्या पावसाला आयपीएक्स४ (सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी सोसणारा दर्जा) पुरतं, फक्त चार्जिंगच्या भोकाचं रबर रोज अंगठ्याने दाबून बघायचं.

स्थिर की ब्लिंकिंग, यावर निफाडकरांशी मात्र मी भांडणार आहे. मागे दोन लावा, एक स्थिर, एक ब्लिंकिंग.

निफाडकर

दोन लावले तर हरकत नाही. एकच परवडत असेल तर स्थिर. यावर मी हलणार नाही.

मोहाडी

दोन लाईटचं करून बघते. पगार सात तारखेला होतो, तोवर भावाचा परत मागते आणि टॉर्च घरात आहेच. फक्त एक विचारते, टॉर्चचं बटण दाबलं की ती आधी फुल, मग मंद, मग ब्लिंकिंग अशी फिरते. मोरीजवळ तीनदा दाबत बसायला वेळ नसतो. एका दाबात चालू, एका दाबात बंद अशी कुठल्या दुकानात मिळते?

मखमलाबाद

ताई, टॉर्चच्या शेपटीला बटण असलेली आणि एकच मोड असलेली मागा. मेनरोडला मिळून जाते. दुकानदार तीन मोडची पुढे करेल, नाही म्हणा. आणि दुकानातच दहा वेळा दाबून बघा.