मदत हवी आहे: आई-बाबांसह पोर्ट आर्थरची एक दिवसाची सहल

नमस्कार. येत्या जानेवारीत आई-बाबा मेलबर्नला आमच्याकडे येत असून त्यांना टास्मानियातील पोर्ट आर्थर दाखवण्याचा विचार आहे. बाबांनी अंदमानचे सेल्युलर जेल पाहिलेले असल्यामुळे, ब्रिटिशांनी १८३० ते १८७७ या काळात चालवलेली ही कैद्यांची वसाहत, आणि विशेषतः कैद्यांना सक्तीच्या मौनात एकएकटे ठेवणारा तेथील ‘सेपरेट प्रिझन’, त्यांना निवांतपणे पाहायचा आहे.

टास्मानियाची राजधानी होबार्ट येथून हे ठिकाण मोटारीने सुमारे दीड तासावर आहे. मार्गदर्शकासह जाणाऱ्या बस-सहलीत वाटेवरील ईगलहॉक नेक ही चिंचोळी भूपट्टी, जिथे पळणाऱ्या कैद्यांना अडवण्यासाठी साखळदंडांनी बांधलेल्या कुत्र्यांची रांग ठेवलेली असे, तसेच समुद्राने खडक कोरून घडवलेली टास्मान आर्च ही कमान दाखवतात. मात्र एवढे थांबे घेतल्यावर प्रत्यक्ष वसाहतीत किती वेळ उरतो, हा माझा मुख्य प्रश्न आहे. (बाबा प्रत्येक फलक पूर्ण वाचल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.)

आईचे गुडघे दुखतात. वसाहतीच्या आवारातील चढ तिला झेपतील का, आणि बंदरातल्या ‘आयल ऑफ द डेड’ या दफनभूमीच्या बेटावर उतरणे तिला सोयीचे ठरेल का? ज्येष्ठांना घेऊन तेथे गेलेल्यांनी बस-सहल बरी, की गाडी भाड्याने घेऊन तेथे जवळच एक रात्र मुक्काम करणे बरे, हे कृपया अनुभवावरून सांगावे. शाकाहारी जेवणाची सोय कशी आहे, तेही कळवल्यास आभारी राहीन.