धमन्या जपल्या तर कर्करोगही टळतो, असं लोकांना सांगावं का?

पेशीवेध: सांगावं, आणि ठणकावून सांगावं. अमेरिकेतल्या 'एरिक' पाहणीत १३ हजारांहून जास्त लोकांचा दीर्घकाळ माग ठेवला. हृदयासाठी ठरवलेले सात निकष होते: तंबाखू, वजन, व्यायाम, आहार, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर. सहा-सात निकषांत बसणाऱ्यांना, एकातही न बसणाऱ्यांपेक्षा कर्करोगाचा धोका ५१ टक्के कमी आढळला (२०१३).

अंशछेद: पुढचा आकडाही द्या ना. बेरजेतून धूम्रपान वगळलं की ५१ चे २५ टक्के होतात. तंबाखू धमनीचं अस्तरही बिघडवतो आणि फुप्फुसातला डीएनएही. कारण एक, परिणाम दोन. धमनीमुळे कर्करोग झाला असं त्यातून निघत नाही.

शिवाय गाडी उलटीही धावते. कर्करोगच रक्त गोठवतो. उघड कारण नसताना पायाच्या शिरेत गुठळी झाली तर आत लपलेला कर्करोग असू शकतो, हे फ्रेंच डॉक्टर त्रूसो यांनी १८६५ मध्येच मांडलं होतं. म्हणून असा हिशेब मांडताना सुरुवातीची एक-दोन वर्षं वगळावी लागतात, म्हणजे आधीच लपलेले कर्करोग त्यात मोजले जात नाहीत. आणि हृदयरुग्णाचा छातीचा सीटी स्कॅन होतो, त्यात फुप्फुसातली गाठ दिसते. ज्याचा स्कॅनच झाला नाही त्याची कशी दिसणार?

पेशीवेध: मान्य, पण २५ टक्के उरतातच. दुवा आहे तो दाहाचा, म्हणजे शरीराच्या आतल्या सुजेचा. २०१७ ची 'कँटॉस' चाचणी बघा: हार्ट अटॅक येऊन गेलेले दहा हजारांवर रुग्ण, रक्तातलं सीआरपी (दाह दाखवणारं प्रथिन) लिटरला २ मिलिग्रॅम किंवा जास्त. त्यांना दर तीन महिन्यांनी कॅनाकिनुमॅबचं इंजेक्शन दिलं. हे औषध दाह पेटवणारं इंटरल्युकिन-१ बीटा हे प्रथिन अडवतं, एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल कमी करत नाही. तरी ३०० मिलिग्रॅमच्या गटात फुप्फुसाचा कर्करोग आणि त्याचे मृत्यू, दोन्ही घटले.

अंशछेद: कर्करोग हे त्या चाचणीचं मुख्य उद्दिष्ट नव्हतं. जीवघेणे संसर्ग वाढले, एकूण मृत्यू घटले नाहीत. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर पुढे तेच औषध तपासलं, तिथे ते अपेक्षेला उतरलं नाही.

केशवाहिनी: दोघंही मोठ्या धमन्यांबद्दलच बोलताय. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायला तिला स्वतःच्या नव्या केशवाहिन्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या, लागतात. अमेरिकी सर्जन फोकमन यांनी १९७१ मध्ये हे मांडलं. त्या फुटवणारा व्हीईजीएफ (एक प्रथिन) रोखायला बेव्हासिझुमॅब हे औषध आलं, २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पण व्हीईजीएफ रक्तवाहिन्यांच्या निरोगी अस्तरालाही हवा असतो. तो अडवला की रक्तदाब चढतो, धमनीत गुठळीचा धोका वाढतो. म्हणजे कर्करोगाचं औषधच धमनीवर उलटू शकतं. तेव्हा 'धमनी चांगली तर कर्करोग नाही' हे सूत्र फार ढोबळ आहे.

हे औषध चालू असलेल्यांनी रक्तदाब नीट मोजावा: पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या उंचीवर, मिनिटाच्या अंतराने दोनदा. दंडाला पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच चढा येतो, आणि त्यावरून डोस पुढे ढकलला जाऊ शकतो.

पेशीवेध: ठीक, मग 'टळतो' हा शब्द मागे घेतो. 'तंबाखू सोडा, दोन्ही धोके घटतात' एवढं मात्र बिनशर्त सांगणार.

अंशछेद: त्याला माझीही हरकत नाही.