दम लागतो, रिपोर्ट सगळे नॉर्मल. कुणाला असा अनुभव आहे का?

मदत हवी आहे मंडळी. साधारण दीड वर्ष झालं, मला श्वास पुरा पडत नाही. म्हणजे दमा असल्यासारखी घरघर वगैरे काही नाही, पण आत घेतलेला श्वास अर्ध्यातच अडकतो, मग जांभई देऊन किंवा खांदे वर करून तो कसाबसा पूर्ण करावा लागतो, आणि दहातल्या चार वेळा तोही होत नाही. जिना चढताना मधेच थांबून मोबाइल बघतोय असं दाखवतो, कोणी विचारायला नको.

एक्सरे, ईसीजी, टूडी इको, स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसं तपासतात ती), हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळं झालं, सगळं नॉर्मल. ऑक्सिमीटर लावला की ९८ दाखवतो, आणि घरचे म्हणतात बघ, काही नाहीये तुला. अरे पण ऑक्सिजन रक्तात भरपूर असूनही दम लागू शकतो ना!

डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. टेन्शन आहेच, पण ते दम लागायला लागल्यावर आलं, आधी नव्हतं.

वाचनात आलं की श्वास घ्यायची पद्धतच बिघडते, छातीच्या वरच्या भागानेच श्वास घेतला जातो, आणि त्यावर श्वसनाची फिजिओथेरपी असते. कुणी केलीये का? किती दिवसांनी फरक पडला? आणि सायकल चालवायला लावून हृदय-फुप्फुस दोन्ही तपासतात ती सीपीईटी टेस्ट, तिच्यातून कुणाला काही नवीन कळलं का?

प्राणायाम कर हे सांगू नका प्लीज, तिथेच तर अडकतोय.